पाटावर मांडलेला कॉम्प्युटर

माझा धाकटा भाऊ समोरासमोर बोलत नाही. चांगला इंजिनिअर आहे, डोकं तल्लख आहे, पण माणूस पुढ्यात बसला की याची जीभ टाळ्याला चिकटते. फोनवर तर त्याहून कठीण. "हो", "ठीक", "बघू", आणि मग मीच कंटाळून "बरं, ठेवते" म्हणायचं. तो मोकळा बोलायचा ते फक्त गेम खेळताना. डोळे पडद्यावर, दोन्ही हात कामात, कानाला हेडफोन, की याचं तोंड सुटायचं. मी बनारसला, तो नागपूरला. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं एकाच गेममध्ये शिरायचो आणि कुठल्यातरी जंगलात लाकडं तोडून तळ बांधायचो, चालून येणाऱ्या टोळ्यांना हाणायचो. त्याची सगळी खबरबात मला त्या जंगलातच कळायची.

"जेवला का रे?"

"अंडी उकडली होती. ताई, मागे हो, मागे! मागून आला!"

"नुसती अंडी?"

"पाव पण होता. अगं मार ना त्याला!"

असं आमचं चालायचं. बँकेत काउंटरवर बसणारी, डोक्यात चार पांढरे केस असलेली बाई गेम खेळते म्हणून लोकांना हसू येतं. येऊ दे. बाबा गेल्यावर तो त्या घरात एकटा उरला होता, आई तर आधीच गेलेली, आणि त्याच्याशी बोलायला मला तेवढीच एक जागा होती. ती मी लोक हसतात म्हणून सोडणार नव्हते.

मग तो गेमच बंद पडला. चालवणाऱ्या कंपनीने एक दिवस जाहीर केलं, खेळणारे कमी झाले, आता सर्व्हर बंद. झालं. भावाने एक नवा गेम शोधला, असाच दोघांनी मिळून खेळायचा, पण फार मोठा. माझ्या लॅपटॉपवर तो उघडायला गेले तर लॅपटॉपचा पंखा घरघरला आणि पडदा अंधारला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. भावाला कळवलं. तो म्हणाला, "जाऊ दे ताई. नको त्रास घेऊ. बघू नंतर."

त्याच्या "बघू नंतर"चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे.

पुढचे कितीतरी शनिवार कोरडे गेले. फोन केला की उचलायचा नाही, मग तासाभराने "काम चालू होतं" असा मेसेज. दिवाळीत मी मुद्दाम नागपूरला जाऊन आले. त्याने चहा केला, टीव्ही लावला, आम्ही दोघं टीव्हीकडे बघत बसलो. दाढी वाढलेली, बाबांच्या खोलीचं दार लावलेलं, खिडक्याही लावलेल्या. "कसं चाललंय रे?" "ठीक." मी तीन दिवस राहिले आणि तीन दिवसांत त्याच्या तोंडून एक सरळ वाक्य निघालं नाही. परत येताना गाडीत मला चक्क भीती वाटत होती. कशाची ते नीट सांगता येत नव्हतं.

बनारसला आल्यावर मी ठरवलं, त्याचा नवा गेम चालेल असा कॉम्प्युटर घ्यायचा. नवरा म्हणाला, "घे." तो रेल्वेत आहे, त्याची ड्यूटी सोडून बाकी सगळ्या गोष्टींना तो "घे", "कर", "बघ" म्हणतो. मी भावाला लिहिलं, कोणता घेऊ, काय काय लागेल, सांग. एरवी हा विषय काढला तर या पोट्ट्याने तासभर माझं डोकं खाल्लं असतं. रॅम अशी घे, कार्ड तसं घेऊ नको, तुला काही कळत नाही. उत्तरादाखल त्याने नुसता अंगठा पाठवला. वर केलेला अंगठा! तो बघून मी बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच बंद केला.

सिगऱ्याच्या बाजूला कॉम्प्युटरची दुकानं आहेत. पहिल्याच दुकानात शिरले तर मालक म्हणाला, "बताइए भाभीजी, बच्चे के लिए?"

"नहीं. मेरे लिए."

त्याने मला खालपासून वर पाहिलं आणि एक तयार कॉम्प्युटर चालू करून दाखवला. आत लाल-निळे दिवे फिरत होते, लग्नाच्या मांडवासारखे. विचारलं, यात ग्राफिक्स कार्ड कुठलं? म्हणाला, बहुत बढ़िया वाला. म्हटलं, नाव काय त्या बढियाचं? तो झाकण उघडायला तयार होईना, वॉरंटी जाईल म्हणे. अरे बावा, आत काय आहे ते न बघता मी काय दिवे घेऊन जाऊ घरी? बाहेर पडले आणि टोटोत, म्हणजे इथल्या बॅटरीच्या रिक्षात, बसल्या बसल्या ठरवलं की सुटे भाग घ्यायचे आणि आपणच जोडायचे. लोक जोडतात. व्हिडिओ बघून शेंबडी पोरं जोडतात, मग मला काय धाड भरली आहे?

मैदागिनला टोटोतून उतरलं की पुढे गल्ल्यांतून पायी. आमचं घर रामघाटावर. सासरची मंडळी कित्येक पिढ्या इथलीच, बोलतात मराठीच, पण मध्ये मध्ये हिंदी अशी काही पेरतात की सुरुवातीला मला कळायचंच नाही की हे मराठीत विचारताहेत की हिंदीत रागवताहेत. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते घनपाठी. जन्मभर वेद म्हटला आणि शिकवला, आता पाठशाळेतून निवृत्त झाले तरी सकाळी दोन विद्यार्थी घरी येतात. सासूबाई स्वयंपाकघरातून त्यांच्या चुका काढतात, विद्यार्थ्यांच्याही आणि अण्णांच्याही.

सुटे भाग घेणं दिसतं तितकं सोपं नाही. प्रत्येक वस्तू चांगली असून भागत नाही, तिचं दुसरीशी जमावं लागतं. प्रोसेसर ज्या मदरबोर्डवर बसवायचा त्याचा सॉकेट त्याच जातीचा पाहिजे, नाहीतर तो बसतच नाही. बोर्डाला नव्या पिढीची रॅम चालते की जुन्या, ते बघावं लागतं. कार्डाला जेवढी वीज लागते तेवढी देणारा एसएमपीएस पाहिजे, म्हणजे वीजपुरवठ्याचा तो लोखंडी डबा. आणि हे सगळं ज्यात कोंबायचं ते कॅबिनेट. एक बदललं की दुसरं बदलायचं, दुसऱ्यापायी तिसरं. मी आठवडाभर हेच पुटपुटत होते. पोळी वाढताना, दळण निवडताना, देवाला फुलं घालताना.

एकदा जेवताना अण्णा म्हणाले, "सूनबाई, हे तू काय म्हणत असतेस? परवापासून ऐकतोय. बोर्ड, रॅम, बोर्ड, रॅम."

मी सांगितलं. कशाचं कशाशी जुळतं ते बघतेय, आणि दर वेळी काहीतरी निसटतंय.

अण्णांचा हात ताटावरच थांबला. "अगं मग सरळ क्रम लाव की! आमचं सगळं त्यावरच तर चालतं."

त्यांनी समजावून सांगितलं. मंत्राची पदं सुटी केली की ती क्रमाने जोडीजोडीने म्हणायची. पहिलं दुसऱ्याबरोबर, दुसरं तिसऱ्याबरोबर, तिसरं चौथ्याबरोबर. प्रत्येक पदाचं शेजाऱ्याशी कसं जुळतं ते त्यातून पक्कं होतं, काही गळत नाही, काही घुसत नाही. त्याच्या पुढे जटा, त्यात जोडी उलटसुलट म्हणायची. आणि सगळ्यात वर घन, त्यात तीन तीन पदं एकत्र घेऊन पुढे मागे फिरवायची. घन म्हणता येतो म्हणूनच ते घनपाठी.

"मग घनच लावू या ना," मी म्हटलं.

"छे! सहा पदं तुझी. त्याला घन कशाला हवा? क्रम पुरे. तू नुसती पदं सांग, मी ठीकसे बघतो."

आणि काय सांगू, त्या दिवसापासून अण्णांना दुसरा धंदा उरला नाही. माझी सहा पदं त्यांनी पाठ केली: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. सकाळी बँकेला निघताना आणि संध्याकाळी चपला काढायच्या आत उलटतपासणी. "प्रोसेसर-बोर्ड. सॉकेट तोच?" तोच. "बोर्ड-रॅम. पिढी?" नवी, दोन्हीकडे. "रॅम-कार्ड?" यांचा काही संबंध नाही अण्णा. "म्हणजे वैर नाही. पुढे चल. कार्ड-एसएमपीएस?" वीज पुरते, वर थोडी उरते. "एसएमपीएस-कॅबिनेट?" बसतो, मागच्या बाजूला त्याची जागा आहे. "झालं! संहिता शुद्ध." हे सगळं सुरात बरं का. सकाळी येणारे विद्यार्थी माना खाली घालून हसू दाबायचे. सासूबाई आतून म्हणायच्या, "त्या यंत्राला आता मुंज लावून टाका."

मी चिडवायची त्यांना, पण मला बरं वाटत होतं. माझ्या भावासाठी मी काय करतेय हे त्या घरात कुणी खोदून विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला पोटातली भीती सांगितली नव्हती. अण्णांनी एकदाच विचारलं होतं, "भावाबरोबर खेळणार ना?" मी हो म्हटलं. "मग घे लवकर," एवढंच म्हणाले.

सामान आणलं, वर मॉनिटर आणि हार्डडिस्कही. कॅबिनेट मी मुद्दाम लहान घेतलं, कारण आमच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जेवढी जागा आहे तेवढ्यातच ते राहायला हवं होतं. भावाला मेसेज टाकला, "शनिवारी संध्याकाळी येतेय गेममध्ये. तू थांब." बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "बघू." मी परत लिहिलं, "बघू नाही. थांब." त्यावर काहीच नाही.

तो शनिवार बँकेला सुट्टीचा होता. गेम मी आधीच लॅपटॉपवरून एका पोर्टेबल डिस्कवर उतरवून ठेवला होता. लॅपटॉपला तो चालवता येत नव्हता, पण उतरवता तर येत होता. सकाळी पूजा आटोपल्यावर अण्णा कुंकवाची कोयरी घेऊन आले. नवीन वस्तू घरात आली, कुंकू लागलंच पाहिजे. मी दोन्ही हात आडवे केले. "अण्णा, खोक्याला लावा. आतल्याला बोट लावाल तर माझ्याशी गाठ आहे." त्यांनी मुकाट्याने सगळ्या खोक्यांना एकेक बोट लावलं आणि खुर्ची ओढून बसले.

आधी प्रोसेसर. सॉकेटमधल्या त्या केसासारख्या पिना, एक वाकली की बोर्ड गेला. पण बसला. पंखा बसला. रॅम बसली. बोर्ड कॅबिनेटमध्ये स्क्रूने आवळला, एसएमपीएस मागे सरकवला. अण्णा प्रत्येक जोडीला मान हलवत होते. मग मी कार्ड उचललं. सगळ्यात महाग, सगळ्यात जड, आणि ज्याच्याशिवाय गेमचा ग दिसणार नाही ते. बोर्डाच्या खाचेत बसवायला गेले तर ते जाईना. तिरकं केलं, सरळ केलं, वरून, खालून. त्याचं पुढचं टोक कॅबिनेटच्या समोरच्या पत्र्याला अडत होतं. दोन बोटं लांब. नुसती दोन बोटं!

मी मनात सगळ्या जोड्या पुन्हा म्हटल्या. कार्ड-एसएमपीएस बघितलं होतं. एसएमपीएस-कॅबिनेट बघितलं होतं. कार्ड आणि कॅबिनेट यांना समोरासमोर कुणी उभंच केलं नव्हतं, कारण क्रमात ते एकमेकांच्या शेजारी येतच नाहीत.

"अण्णा," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला तो चढलाच, "तुमच्या क्रमाने घात केला! आठवडाभर नुसतं गायलात! आता दुकानदार उघडलेलं सामान परत घेणार नाही, आणि तो तिकडे वाट बघत बसेल. बसेल की नाही तेसुद्धा मला माहीत नाही! आज नाही गेले तर तो परत कधी थांबणारच नाही!"

बोलता बोलता मला रडू फुटलं. सासऱ्यांसमोर असं ओरडणं आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. सासूबाई हातातला झारा तसाच घेऊन दारात आल्या.

अण्णा रागावले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र पार उतरला. विद्यार्थ्याकडून एक स्वर चुकला तरी त्याला शंभरदा म्हणायला लावणारा माणूस हा. खुर्चीच्या दांडीवर बोटं मोजत ते स्वतःशीच म्हणाले, "कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. घनात तिन्ही एकत्र आली असती. पहिलं आणि तिसरं एका घासात म्हणावं लागलं असतं. मीच म्हणालो, क्रम पुरे." मग माझ्याकडे बघून, "जन्मभर घन म्हटला आणि आळस केला तो तुझ्या कामात. काय म्हणावं मला?"

मी डोळे पुसले. सासूबाई म्हणाल्या, "तो डबा मोठा मिळेल ना सोमवारी? मग आजच्या दिवस डब्याशिवाय नाही का चालायचं? भाजीला झाकण नसलं म्हणून ती शिजत नाही का?"

अहो, खरंच की! कॅबिनेट म्हणजे नुसता डबा. व्हिडिओत मी पाहिलंही होतं, लोक सगळं आधी टेबलावर मांडून चालवून बघतात. खाली लोखंड नको, ओलावा नको, बस. मी स्क्रू काढून बोर्ड बाहेर घेतला.

"पाट द्या एक," मी म्हटलं. "लाकडी. कोरडा."

"श्राद्धाचा नको घेऊ," सासूबाई म्हणाल्या आणि रोजचा जेवणाचा पाट पुसून घेऊन आल्या.

पाटावर आधी बोर्डाचं रिकामं खोकं ठेवलं, त्यावर बोर्ड. शेजारी एसएमपीएस. कार्ड खाचेत टक्कन बसलं, आता त्याला अडवायला पत्रा नव्हता. त्याचं मोकळं टोक लोंबत होतं त्याच्याखाली प्रोसेसरचं खोकं सरकवलं. वायरी जोडल्या. चालू करायचं बटण कॅबिनेटवर असतं, ते आता कुठून आणणार? बोर्डावर त्याच्या दोन पिना असतात, त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक एकदम लावायचं. सासूबाई म्हणाल्या, "वीज लागेल गं." म्हटलं, नाही लागत. अण्णा जवळ येऊन पाटासमोर मांडी घालून बसले, आणि क्षणभर मला वाटलं, आता हे आचमन करताहेत की काय.

स्क्रूड्रायव्हर लावला. पंखे फिरले. मॉनिटर काळाच.

बंद केलं, पुन्हा लावलं. पंखे फिरताहेत, पडदा काळा. प्रत्येक वायर काढून पुन्हा घातली. काळा. दुपार टळून गेली होती, कुणी जेवलं नव्हतं, आणि माझा धीर सुटत चालला होता. भावाला विचारावं म्हणून फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तो उचलणार नाही आणि ते मला आज सहन होणार नाही, हे मला कळत होतं.

"सूनबाई," अण्णा जरा चाचरत म्हणाले. सकाळच्या प्रकारानंतर ते पहिल्यांदाच बोलत होते. "चूक असेल तर सोडून दे. पण सकाळी तू त्या दोन पट्ट्या बसवल्यास ना, रॅमच्या. पहिलीला दोन आवाज आले. टक्, टक्. दोन्ही टोकांचे. दुसरीला एकच आला."

"तुम्हाला कसं आठवतं?"

"ऐकायचंच तर काम केलं जन्मभर."

दुसऱ्या पट्टीवर अंगठा ठेवला. बसलेली दिसत होती, अगदी सरळ. कडेला जोर दिला. टक्. अण्णा मागे सरकले. स्क्रूड्रायव्हर लावला आणि मॉनिटर उजळला. मी काय केलं असेल? सासऱ्यांच्या पाया पडले, आणि सकाळच्या ओरडण्याबद्दल काही बोलणार तोच ते म्हणाले, "आधी जेवून घे."

सिस्टिम आणि डिस्कवरचा गेम चढवायला संध्याकाळ झाली. घाटावरच्या आरत्यांचे आवाज सुरू झाले तेव्हा मी पलंगाच्या कडेला बसून हेडफोन लावला, जमिनीवर पाट, पाटावर उघडा कॉम्प्युटर. सासूबाईंनी खोलीत कुणी झाडू मारायचा नाही असं फर्मान काढलं होतं. गेम सुरू झाला. समुद्र, किनारा, झाडं, सगळं लख्ख. भावाचं नाव यादीत करड्या रंगात, म्हणजे तो आत नव्हता.

मी एकटीच लाकडं तोडत राहिले. नवीन गेमची काहीच माहिती नाही, दोनदा पाण्यात पडले. नाव करडंच. काउंटरवर कटकट करणाऱ्या ग्राहकांना मी दिवसभर हसून उत्तरं देते, इतका संयम कुठून आणते कुणास ठाऊक, पण त्या संध्याकाळी त्या करड्या नावाकडे बघणं मला जड जात होतं. म्हटलं, थांबू. जेवायला हाक आली तरी थांबू.

नाव हिरवं झालं. कानात खरखर झाली.

"चाललं तुझं?" भावाचा आवाज. इतका जवळ की मी दचकले.

"काऊन रे, नाही चालणार होतं का? मी जोडलाय. स्वतः."

"खोटं."

"पाटावर मांडलाय. जेवायच्या पाटावर." आणि मी त्याला सगळं सांगितलं, अण्णांचा क्रम, दोन बोटं लांब कार्ड, झारा, सगळं. तो हसला. खरंच हसला, नाकातून, लहानपणी हसायचा तसा. "ताई, अगं पहिल्यांदा कार्डाची लांबीच बघतात. कुणालाही विचारलं असतं तरी..."

"तुलाच विचारलं होतं," मी म्हटलं. रागाने नाही म्हटलं.

मग आम्ही खेळायला लागलो. तो पुढे, मी मागे. ही झाडं तोड, ते दगड घे, अंधार पडायच्या आत भिंत उभी राहिली पाहिजे. मी काही विचारलं नाही. आमच्यात तसं विचारायचं नसतं, हाताला काम असलं की तो स्वतःहून बोलतो. भिंत अर्धी झाली तेव्हा तो म्हणाला, "नोकरी सोडली मी."

"कधी?"

"तू दिवाळीत आलीस ना, त्याच्या आधीच. डावीकडचा खांब लाव."

मी डावीकडचा खांब लावला. तो बोलत राहिला, सपाट आवाजात, जसं दुसऱ्या कुणाचं सांगतोय. सकाळी उठायचंच का ते कळत नाही. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही आणि मग रात्री लक्षात येतं की आज तोंडातून शब्दच निघाला नाही. "तो जुना गेम आहे ना, अजून ठेवलाय मी. शनिवारी उघडतो. सर्व्हर बंद आहे असं लिहून येतं. तरी हेडफोन लावून बसतो थोडा वेळ."

माझ्या हातांनी खेळणं सोडलं. टोळी आली होती. भिंतीवरून उड्या पडत होत्या, कुणीतरी मला मारत होतं, पडदा लाल होत होता आणि मला तो धड दिसतही नव्हता, डोळे भरून आले होते.

"ताई! पळ ना! अगं काय करून राहिली, मेली असती आता! मेलीस. मेलीस तू."

"मरू दे," मी म्हटलं. "तू इकडे निघून ये. आज, उद्या, मिळेल त्या गाडीने. घराला कुलूप लाव आणि ये."

"तिथे येऊन काय करू?"

"काही करू नको. नुसता राहा."

त्याचाही गडी पडला होता, दोघांच्याही पडद्यावर 'पुन्हा सुरू करायचे?' एवढंच उरलं असणार. हेडफोनमध्ये त्याचा श्वास येत होता. तो रडत होता. बाबांच्या तेराव्यालाही न रडलेला माझा भाऊ रडत होता, आणि मी त्याला गप्प हो म्हणाले नाही. दारात सासूबाई जेवायला बोलवायला आल्या, माझा चेहरा बघितला आणि दार ओढून घेऊन गेल्या.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ताई, ठेवू नको हां इतक्यात."

"नाही ठेवत रे. बोल तू."